फुलबाग प्रश्नोत्तरं : उन्हाळ्यासाठी साल्विया, तोही बियांपासून

दिवाळीच्या सुमारास रोपवाटिकांत लाल साल्वियाच्या काळ्या पिशव्या ओळीने मांडलेल्या दिसतात, आणि बहुतेकांची या फुलाशी ओळख तिथेच होते. या खेपेला आलेल्या पत्रांत मात्र बऱ्याच जणांना साल्विया बियांपासून करायचा आहे आणि तो उन्हाळ्यात फुललेला पाहायचा आहे. त्यांतली निवडक पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : मार्चच्या सुरुवातीला लाल साल्वियाचं बी पेरलं. रोपं छान आली, एप्रिलअखेर वाफ्यात लावली आणि मेच्या मध्यापर्यंत सगळी करपली. पाणी दोन्ही वेळा देत होतो. पुण्यात उन्हाळ्यात साल्विया होतच नाही का? (कोथरूड, पुणे)

होतो, पण तुम्ही लावलीत ती जात नाही, आणि तुम्ही लावलात त्या वेळी तर नाहीच.

पाकिटावर नुसतं ‘साल्विया’ लिहिलेलं असलं तरी आपल्याकडे बियांपासून होणाऱ्या बागेतल्या जाती मुख्यतः तीन. सगळ्यांच्या ओळखीचा, भडक लाल, गच्च तुऱ्याचा तो ‘स्प्लेंडन्स’. तो मूळचा ब्राझीलच्या डोंगराळ, दमट रानातला. त्याला ऊब हवी, पण कोरडी झळ नको. पुण्यात एप्रिलमध्ये पारा ३८ च्या पुढे गेला की त्याची पानं दुपारी माना टाकतात, कडा करपतात आणि तुरे आखूड होत जातात. त्याचं बी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पेरायचं आणि डिसेंबर ते मार्च फुलं घ्यायची. एप्रिल-मेमध्ये हाच हवा असेल तर तो महाबळेश्वर-पाचगणीसारख्या ठिकाणी करावा. तिथे जानेवारीअखेर घरात पेरलेली रोपं एप्रिलमध्ये फुलावर येतात. पावसाळ्यात तिथे तो सडतोच, त्यामुळे जूनच्या आधी काढून टाकावा.

तुमच्या वाफ्यासाठी दुसऱ्या दोन जाती आहेत. निळा-जांभळा ‘फॅरिनेशिया’ टेक्सास आणि मेक्सिकोच्या उन्हातला. ‘फॅरिना’ म्हणजे पीठ. त्याचा तुरा डोळ्यांजवळ धरून पाहा: फूल ज्या छोट्या पेल्यातून बाहेर येतं तो पेला आणि दांडाही, पिठात बोट बुडवून फिरवल्यासारखा पांढुरक्या लवेने भरलेला असतो. ‘व्हिक्टोरिया’ हा त्याचा सहज मिळणारा वाण. ‘स्ट्राटा’ आणि ‘इव्होल्यूशन’ या वाणांना ऑल-अमेरिका सिलेक्शन्स हा अमेरिकेत नव्या वाणांना दिला जाणारा पुरस्कार अनुक्रमे १९९६ आणि २००६ साली मिळालेला आहे. तिसरी जात ‘कॉक्सिनिया’. हिचा रंग लालच, पण तुरा विरळ, फुलं सुटी, झाड हलकं. ‘लेडी इन रेड’ (पुरस्कार १९९२) आणि ठेंगणा ‘समर ज्युएल रेड’ (२०११) हे तिचे वाण. उन्हाळ्यात लाल रंग हवा असेल तर डोळे मिटून कॉक्सिनिया घ्या. शिंजीरही तिच्यावर येतात.

आता वेळ. उन्हाळी साल्वियाची तयारी थंडी पडायच्या आधी सुरू होते, आणि हीच गोष्ट बहुतेकांकडून राहून जाते. फॅरिनेशिया सावकाश वाढणारा, पेरणीपासून फुलापर्यंत १२ ते १४ आठवडे घेतो. त्याचं बी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, माती अजून उबदार असताना पेरावं. कॉक्सिनिया ८ ते १० आठवड्यांत फुलते, ती डिसेंबरात पेरली तरी चालते. दोन्हींची रोपं जानेवारीत वाफ्यात गेली पाहिजेत. मग ऊन तापेपर्यंत मुळं खोल गेलेली असतात. तुमची रोपं एप्रिलअखेर लागली, म्हणजे कोवळ्या मुळांना थेट तापलेली माती मिळाली. त्यात दोन वेळा थोडं थोडं पाणी दिल्याने मुळं वरच्या दोन इंचांतच राहिली, आणि तीच माती सर्वांत आधी भाजते.

वाफा १० फूट बाय ३ फूट असेल तर २५ सेंटिमीटर अंतराने तीन ओळींत साधारण ३६ रोपं बसतात. त्यासाठी ५५ ते ६० बिया पेरा. लावणीनंतर रोपांच्या मधल्या जागेत उसाचं पाचट किंवा वाळका पाला दोन इंच पसरा, पण खोडापासून चार बोटं लांब. पाणी एक-दोन दिवसांआड, सकाळी आणि भरपूर. पुढचं पाणी माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिकट नाही अशी, आल्यावरच.

प्रश्न : पाकिटातल्या ५० बियांपैकी जेमतेम ६ उगवल्या. शेणखत घालून माती चांगली केली होती आणि वर अर्धा इंच मातीचा थर दिला होता. बी जुनं असेल का? (सांगली)

बी जुनं असूही शकतं. स्प्लेंडन्सच्या बियांची उगवण लवकर घटते, म्हणून पाकिटावरची तारीख पाहा आणि चालू हंगामाचंच बी घ्या. पण तुमच्या पत्रातलं खरं कारण त्या अर्ध्या इंचात आहे. साल्वियाच्या बियांना उजेडात चांगली उगवण मिळते. त्या झाकायच्या नसतात, नुसत्या टेकवायच्या असतात. दुसरं कारण शेणखत. साल्वियाची कोवळी मुळं क्षारांना फार हळवी असतात, आणि पेरणीच्या मातीत खत असलं की उगवलेलंही तिथेच थांबतं.

असं करा. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) ६५० ग्रॅमची वीट भिजवली की आठ-नऊ लिटर होते. ती भिजवल्यावर पाणी पिळून काढा, पुन्हा साधं पाणी घाला, पुन्हा पिळा, असं तीनदा. स्वस्त विटांमध्ये मीठ असतं आणि साल्वियाच्या बाबतीत हे धुणं टाळून चालत नाही. तीन भाग कोकोपीट आणि एक भाग परलाइट किंवा धुतलेली जाड वाळू एकत्र करून प्रोट्रे (खळग्यांचा ट्रे) काठोकाठ भरा, हलकेच आपटा, पाणी देऊन निथळू द्या. मग प्रत्येक खळग्यात एक बी ठेवा आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबा, इतकंच की बी ओल्या पृष्ठभागाला चिकटेल. फार तर वर बारीक व्हर्मिक्युलाइटची चिमूट भुरभुरा, त्यातून बी दिसत राहिलं पाहिजे. झारीने पाणी देऊ नका, बिया वाहून एका कोपऱ्यात जातात. ट्रे परातीत एक-दोन सेंटिमीटर पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवला की खालून ओल वर चढते.

न झाकता पेरलेल्या बीला एकच धोका असतो: सुकणं. आठव्या-दहाव्या दिवशी भिंगातून पाहिलं तर बी तडकून त्यातून पांढरं मूळ बाहेर आलेलं आणि मातीत शिरायला वाकलेलं दिसेल. त्या दोन दिवसांत पृष्ठभाग एकदा जरी कोरडा झाला तरी ते टोक तपकिरी पडतं आणि बी गेलं. म्हणून ट्रेवर पारदर्शक पिशवी ताणून लावा. उजेड भरपूर हवा, पण थेट ऊन नको, पिशवीखाली माती शिजते. मातीचं तापमान २१ ते २४ अंश असेल तर १० ते १४ दिवसांत उगवण पूर्ण होते. थंडीत पेरत असाल तर ट्रे रात्री घरात घ्या. निम्मी रोपं दिसली की पिशवी काढा, सगळ्यांची वाट पाहू नका.

बी आधी पाण्यात भिजत घालू नका. साल्विया तुळस-सब्जाच्याच कुळातला आहे, आणि सब्ज्यासारखं बुळबुळीत आवरण त्याच्या काही जातींच्या बियांनाही सुटतं. चिया ही साल्वियाचीच एक जात, त्यात ते घरबसल्या पाहता येतं. भिजलेल्या बिया एकमेकींना चिकटतात, मग एकेक पेरता येत नाही.

प्रश्न : रोपं उगवून आठवडा झाला आणि रोज सकाळी चार-पाच आडवी पडलेली दिसतात. बुडाशी खोड सुतासारखं बारीक झालंय. उरलेली वाचतील का? (नाशिक)

ही रोपकोलमड, मातीतल्या बुरशीमुळे होते. पडलेली रोपं वाचत नाहीत. ती आणि त्यांच्या खळग्यातलं कोकोपीट चमच्याने उचलून टाका. उरलेल्यांसाठी आजच तीन गोष्टी करा: ट्रे मोकळ्या हवेत आणा, वरून पाणी बंद करा, आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड एका लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात बुडाशी थोडं थोडं घाला. संध्याकाळी पाणी अजिबात नको. रात्रभर खोड ओलं राहिलं की बुरशीला तेवढं पुरतं.

पुढच्या वेळी पेरणीआधीच माध्यमात ट्रायकोडर्मा मिसळा, लिटरला पाच ग्रॅम पाण्यात कालवून. मात्र ट्रायकोडर्मा आणि तांब्याचं औषध बरोबर वापरू नका. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे, तांब्याने तीही मरते. जुने ट्रे वापरत असाल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवून स्वच्छ धुवा.

प्रश्न : रोपांना दोन जोड्या पानं आली आहेत, पण पानांच्या कडा तपकिरी होऊन वाढ थांबली आहे. रोपं पडत नाहीत. पाणी बोअरचं आहे आणि १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला तीन ग्रॅम देतो. (बारामती)

बुरशी नाही, क्षार साचले आहेत. पाण्यातले आणि खतातले, दोन्ही. ट्रेमधून गोडं पाणी, पावसाचं साठवलेलं असेल तर उत्तम, नाहीतर नळाचं, खालून बाहेर येईपर्यंत दोनदा सोडा. आठ दिवस खत बंद. नंतर १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. वाफ्यात लावून तीन आठवडे झाले की एक ग्रॅम आणि कळ्या दिसू लागल्यावर दोन ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी. युरिया नको. त्याने झाड पानांनी भरतं आणि तुरे मागे पडतात. करपलेल्या कडा हिरव्या होणार नाहीत, नवी पानं नीट आली की रोप सावरलं असं समजा.

प्रश्न : शेंडा खुडायचा म्हणतात. वर आलेला शेंडा तोडायला मन होत नाही. न खुडता चालेल का? (सातारा)

फॅरिनेशिया आणि उंच कॉक्सिनिया खुडल्याशिवाय चालत नाही. रोपाला चार जोड्या पानं झाली की तिसऱ्या जोडीच्या वर नखाने खुडा. साल्वियाची पानं समोरासमोर असतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो, म्हणजे खाली राहिलेल्या तीन जोड्यांतून सहा फांद्या निघण्याची सोय तिथे आधीच आहे. शेंडा असेपर्यंत त्या झोपून राहतात. फुलं दोनेक आठवडे उशिरा येतील, पण एका तुऱ्याऐवजी पाच-सहा येतील. ठेंगणे स्प्लेंडन्स आपोआप फुटतात, त्यांना नाही खुडलं तरी चालतं. मात्र ट्रेमध्येच, बोटभर रोपाला, तुरा आला असेल तर तो बिनदिक्कत काढा. असं रोप उपाशी किंवा दाटीत अडकलेलं असतं आणि तुरा तसाच ठेवला तर ते तेवढंच राहतं.

प्रश्न : वाफ्यातल्या स्प्लेंडन्सची शेंड्याकडची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. हिराकस घातला, फरक नाही. जमीन काळी, चुनखडीची. (लातूर)

लोह कमी पडतंय. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीत ते झाडाला उचलता येत नाही, आणि तुम्ही घातलेला हिराकसही त्याच चुन्यात काही दिवसांत अडकला. साल्वियाला साडेपाच ते साडेसहा सामूची (पीएच) माती मानवते. आत्ता चिलेटेड लोह (फेरस ईडीटीए) लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. पुढच्या हंगामात त्या जमिनीवर १५ सेंटिमीटर उंच वाफा करा, लाल माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत तीनास एक. तेही जमणार नसेल तर स्प्लेंडन्स सरळ कुंडीत करा. पिवळेपणा शेंड्याकडे नसून बुडाच्या जुन्या पानांवर आणि सगळ्या पानभर असता, तर मात्र लोहाचा नव्हे, नत्राचा प्रश्न ठरला असता.

प्रश्न : गच्चीवर कुंड्यांमध्ये फॅरिनेशिया करायचा आहे. ऊन दिवसभर असतं. कुंडी केवढी, रोपं किती? (नागपूर)

१२ इंची कुंडीत तीन, ८ इंचीत एक, दोन फुटी लांब कुंडीत चार. माती दोन भाग, धुतलेलं कोकोपीट एक भाग, कुजलेलं शेणखत एक भाग. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या नागपूरच्या मे महिन्यात बाजूने तापतात आणि कडेची मुळं आतल्या आत मरतात. त्यापेक्षा मातीच्या किंवा फिक्या रंगाच्या कुंड्या घ्या, त्या एकमेकींना खेटून ठेवा आणि पश्चिमेच्या बाजूला रिकाम्या पोत्याचा आडोसा करा. पारा ४२ च्या पुढे जाऊ लागला की ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी दुपारपुरती हवीच. फॅरिनेशिया काटक आहे, पण भट्टीत फुलण्याची अपेक्षा त्याच्याकडूनही करू नये.

एप्रिलपासून लाल कोळी या किडीवर डोळा ठेवा. पानं धुरकट, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची झाली की एक पान उलटं करून उजेडात धरा. खालच्या बाजूला विरळ जाळं आणि हलणारे ठिपके दिसतील. सकाळी पाइपच्या जोरदार धारेने पानं खालून धुवा, तीन दिवस ओळीने. मग निंबोळी तेल लिटरला पाच मिली, एक मिली पातळ साबण घालून, उन्हं उतरल्यावर. गंधक कोळीवर गुणकारी आहे, पण ३५ अंशांच्या वर ते पानंच भाजतं, तुमच्याकडे ते फेब्रुवारीनंतर नको.

पहिला बहर संपला की झाडं एकतृतीयांश छाटा आणि १९:१९:१९ द्या. चार-पाच आठवड्यांत नवे तुरे येतात.

प्रश्न : आमच्याकडे साल्विया पावसात टिकत नाही. कधी पेरावा? (मडगाव, गोवा)

पावसाळ्यात नकोच. सप्टेंबरअखेर आडोशाला पेरा, पाऊस थांबल्यावर लावा. दमट हवेत अंतर वाढवून ३५ सेंटिमीटर ठेवा, म्हणजे बुडाशी हवा खेळते. गोगलगायींसाठी पहिले पंधरा दिवस रात्री टॉर्च घेऊन फेरी मारा, कोवळं रोप एका रात्रीत फस्त होतं.

प्रश्न : इथे मे ते सप्टेंबर घरासमोरच्या ताटव्यात साल्विया हवा आहे. खिडकीत पेरला तर रोपं लांबलचक, लुळी होतात. आणि हरणं काहीच ठेवत नाहीत. (एडिसन, न्यू जर्सी)

तुमच्याकडे उलटं गणित: फुलांचा हंगाम उन्हाळा आणि शत्रू हिमदंव. शेवटचं दंव एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला पडतं असं धरून, मेच्या मध्यानंतर आणि रात्री १० अंशांच्या वर स्थिरावल्यावर रोपं बाहेर लावा. तिथून मागे मोजा: फॅरिनेशिया फेब्रुवारीअखेर, स्प्लेंडन्स मार्चच्या मध्याला, कॉक्सिनिया मार्चअखेर. स्प्लेंडन्स तुमच्याकडे उन्हाळ्यातही चांगला होतो, दुपारनंतर सावली मिळाली तर अधिकच.

मार्चमधली खिडकी त्याला पुरत नाही. एलईडी पट्टी रोपांपासून १०-१५ सेंटिमीटरवर टांगा, दिवसाला १४ ते १६ तास चालू ठेवा आणि रोपं वाढतील तशी वर सरकवा. ट्रेखाली उबेची चटई फक्त उगवण होईपर्यंत. नंतरही ती चालू राहिली तर रोपं ताणली जातात. बाहेर लावण्याआधी आठ-दहा दिवस सराव द्या: पहिल्या दिवशी सावलीत दोन तास, मग रोज थोडं जास्त, शेवटी पूर्ण ऊन आणि रात्रही बाहेर. हा सराव चुकवला की पानं एका दुपारीत पांढरी पडतात.

हरणांची काळजी साल्वियापुरती कमी करा. पानांच्या उग्र वासामुळे ती सहसा तोंड लावत नाहीत. कॉक्सिनियावर मात्र हमिंगबर्ड नक्की येतील.

प्रश्न : घरचं बी धरता येईल का? तुरे वाळल्यावर पाहिलं तर आत काहीच नव्हतं. (कोल्हापूर)

उशीर झाला होता. साल्वियाचं बी शेंगेत अडकून राहत नाही. फूल गळलं की मागे पेला उरतो. स्प्लेंडन्समध्ये तो पेलाही लालच असतो, म्हणून फुलं गेलेला तुरा आठवडाभर तरी फुललेलाच वाटतो. त्या पेल्यात डोकावलं तर तळाशी जास्तीत जास्त चार दाणे, चौकात मांडल्यासारखे दिसतात. आधी हिरवट-पांढरे, मग गडद तपकिरी. गडद झाले की वाऱ्याच्या एका झुळकीने सांडतात. तुरा खालून वर पिकतो, म्हणजे शेंड्याला फूल असतानाच बुडाचं बी तयार असतं. खालचे पेले कागदासारखे वाळायला लागले की तुरा कापून कागदी पिशवीत उलटा टांगा, सावलीत आठ दिवस. पिशवी झटका, बी तळाशी येतं.

पाकिटावर एफ-१ (संकरित) लिहिलेलं असेल तर घरच्या बियांतून रंग आणि उंची सारखी येणार नाही, ताटव्यासाठी ते घेऊ नका. कॉक्सिनियाचे साधे वाण मात्र बऱ्यापैकी मूळच्यासारखेच उतरतात, आणि पहिल्या पावसात झाडाखाली आपोआपही उगवतात. बी कोरडं करून बरणीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. पेरायच्या दोन आठवडे आधी दहा दाणे ओल्या टिश्यूवर उजेडात ठेवून पाहा. सहाच्या खाली उगवले तर नवं पाकीट आणा.

प्रश्न : याची पानं स्वयंपाकात चालतात का? (डोंबिवली)

नाही. स्वयंपाकातला सेज म्हणजे ‘ऑफिसिनॅलिस’ ही वेगळी जात आहे. शोभेच्या साल्वियाची पानं खाण्यासाठी नाहीत, आणि रोपवाटिकेतल्या रोपांवर फवारणी झालेली असते हेही लक्षात ठेवा.